कन्नड गाण्यातल्या मधल्या जागा

भुकूम
७ जानेवारी २०२५

ताई,

फोनवर ब्लॉक, व्हॉट्सॲपवर ब्लॉक, मेलला उत्तर नाही. आता पोस्टाने आलेलं पाकीट तू कसं ब्लॉक करतेस ते बघायचंय मला. पौडच्या पोस्टातल्या बाईंनी ‘लाइपझिग’ तीनदा वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही हे गाव मी घरी बसून तयार केलंय.

काम आहे म्हणून लिहितोय. खुशाली विचारायला नाही. तू मजेत असशीलच. बँड अर्धवट टाकून जाणारी माणसं मजेतच असतात.

तर काम. सहा भाषांचा अल्बम ही तुझी टूम. मी म्हणत होतो, मराठी आणि इंग्रजी करू आणि मोकळे होऊ. तू म्हणालीस, सहा गाणी, सहा भाषा, नाहीतर मी गाणार नाही. घे, पाच झाली. मराठी, हिंदी, संस्कृत, इंग्रजी आणि तुझी लाडकी जर्मन, सगळी तयार होऊन पडलीत. राहिलं ते कन्नड. त्यातही तुझा आवाज आहे, माझ्या गिटार आहेत, किशोरचे ड्रम आहेत, चाळीस व्हायोलिनं मी कॉम्प्युटरवर बसवलीत. राहिलाय फक्त कोरस. एका गाण्याचा कोरस, ताई. त्यासाठी सगळं अडलंय.

आणि वेळ नाही. हैबतरावांनी त्यांची कोंबड्यांची शेड, म्हणजे आपला स्टुडिओ, पाडव्याला मोकळी मागितलीय. प्लायवूडच्या गोदामाला द्यायचीय म्हणे. मी म्हटलं, काका, दोन महिने वाढवा. तर म्हणाले, “येदांत, पाच वर्सं झाली तुमचं गानं चाललंय. एवढ्या दिसांत आमच्या कोंबड्यांनी लाखभर अंडी दिली आस्ती.” भिंतींना आपण लावलेले अंड्यांचे ट्रे तेवढे त्यांच्याकडे बघत होते.

रविवारी भरे गावचं भजनी मंडळ शेडमध्ये बोलावलं. त्याच अकरा बायका, पाचही गाण्यांत तुझ्या मागे उभ्या राहून गायलेल्या. जर्मन गाण्याचा कोरस देवनागरीत लिहून दिला तर रत्नाबाई म्हणाल्या होत्या, “सोपं हाय की, आरतीपरीस सोपं.” म्हणजे भाषेचं त्यांना काही वाटत नाही. शिवाय कन्नड गाणं त्यांना आपल्या आईनेच शिकवलंय, पाठ आहे. मला वाटलं तासाभरात होईल. एकेकीच्या कानाला हेडफोन लावला, तुझा ट्रॅक सुरू केला. तुझी पहिली ओळ संपली. आता यांनी मागे धरायचं. तर सगळं सुमसाम. मग तिघी आधीच घुसल्या, दोघी उशिरा आल्या, रत्नाबाईंनी तोंडच उघडलं नाही. असं नऊ वेळा.

दहाव्या वेळी रत्नाबाईंनी हेडफोन काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. “आरं, बाई कुटं हाय?”

म्हटलं, बाई जर्मनीत आहे, आवाज कानात आहे की.

“आवाज हाय. पन दम कुटं हाय? ती दम कवा घेती ते कळल्याबिगर मागं कवा धरायचं?”

मला आधी कळेचना. मग कळलं. भजनात कुणी मोजत नाही. पुढे म्हणणारी ओळ संपवते, श्वास घेते, तो श्वास ऐकू आला की मागच्यांनी उचलायचं. तोच त्यांचा इशारा. मी म्हटलं, चार टिकटिक ऐका आणि पाचवीला सुरू करा. तर म्हणाल्या, “आमी काय गवऱ्या मोजाया आलोय व्हय?” आणि चहा पिऊन सगळ्या गेल्या.

हो, तुझे श्वास मी कापलेत. सगळ्या गाण्यांतून कापलेत आणि दर वेळी तू माझ्याशी भांडलीस. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की आवाज स्वच्छ पाहिजे. पाच गाण्यांत त्या बायकांना तू समोर दिसत होतीस म्हणून निभावलं. कन्नडच्या वेळी तू समोर नाहीस, हा माझा दोष नाही.

तर एवढंच कर. तिकडे एखादा स्टुडिओ शोध, ते एक गाणं परत गा, काहीही न कापता मला पाठव. वीस मिनिटांचं काम आहे. मग जन्मभर बोलू नकोस.

वेदांत

आणि ‘आधी तो मूळ, न कापलेला टेक पाठव’ हे तुणतुणं परत लावू नकोस. हार्ड डिस्कमध्ये आहे कुठेतरी. सापडला की देतो.


भुकूम
२३ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलंय, मी नंबर टाकून बघितलं. तुझ्या दारात पोचलं असं लिहून आलंय. दारात पोचून काय उपयोग?

तोवर मी काय काय केलं ते ऐक. निदान हस तरी.

आधी वाटलं, श्वासच पाहिजे ना, मग माझा घाला. माइकसमोर उभा राहून पंचवीस श्वास घेतले, त्यातला चांगला निवडून तुझ्या ओळींच्या मध्ये बसवला. बायकांना ऐकवला. दोन ओळी झाल्या आणि मागची एकजण फिस्सकन हसली. मग सगळ्याच. रत्नाबाई म्हणाल्या, “ह्यो बाप्याचा दम हाय रं. बाई गाती आन् मधीच बाप्या दम खातुया. कोन हाय त्यो आत?”

मग दिवा. गणपतीच्या डेकोरेशनमधला लाल दिवा आणला. लागला की म्हणायचं. अकरा जणी दिव्याकडे अशा बघत उभ्या राहिल्या, जशा चांदणी चौकात सिग्नलला गाड्या थांबतात, आणि दिवा लागल्यावर गायल्याही तशाच. सगळ्या एकदम, सगळ्या घाईत. ते गाणं नव्हतं, हॉर्न होते.

मग किशोरला समोर उभा केला, मान हलवून खुणा कर म्हटलं. किशोरची मान तुला माहितीय. ड्रमर माणूस, तो हळू हलवूच शकत नाही. केस इकडून तिकडे उडायला लागले तशी एकजण घाबरून म्हणाली, “ह्येच्या अंगात आलं वाटतं.” संपलं. त्या दिवशी पुढे काही झालं नाही.

शेवटी म्हटलं, तुझाच श्वास शोधू. बाकी पाच गाणी उलटीपालटी करून बघितली. एक श्वास शिल्लक नाही. मी काम चोख करतो ना! मग फोनमधली तुझी जुनी व्हॉइस नोट काढली. तिच्या सुरुवातीला तू मस्त दम घेतेस आणि पुढे म्हणतेस, ‘गाढवा, शेडची किल्ली कुठे ठेवलीस?’ गाढव काढला, दम ठेवला, गाण्यात बसवला. मला वाटलं, आता जमलं. रत्नाबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, “दम तिचाच हाय. पन ही चिडल्याली हाय. चिडल्याल्या बाईच्या मागं देवाचं धरवत न्हाई.”

मी कपाळाला हात लावून बसलो. पाच वर्षं मी महागडे हेडफोन लावून एकेक आवाज तासतोय, आणि या बाईला नुसत्या श्वासावरून कळतं की आत कोण चिडलंय.

ताई, माझं डोकं फिरायची वेळ आलीय. दिवसभर हिंजवडीत दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, तिथून तासभर ट्रॅफिकमध्ये घालवायचा, मग भऱ्यात येऊन हे. एकदा गाऊन पाठव. तुझ्याकडे मी दुसरं काही मागत नाहीये.

वेदांत


भुकूम
९ फेब्रुवारी

ताई,

वा! किशोरला मेसेज करायला वेळ आहे. ‘त्याला सांग, आधी मूळ टेक, मग बाकीचं.’ पाठच्या भावाला निरोप द्यायला ड्रमर लागतो तुला.

त्या टेकशिवाय तुला दुसरं काही सुचतच नाही का? आईचे फोटो आहेत. तुझ्या लग्नाची बोलणी फिसकटली तेव्हाच्या तिच्या वीस-वीस मिनिटांच्या व्हॉइस नोटा आहेत. माझ्या फोनमध्ये ‘जेवलास का’ असं दीडशे वेळा आहे. हवं तर सगळं पाठवतो.

मला माहितीय तू काय म्हणशील. त्या सगळ्यात ती मराठीत बोलते. बरोबर आहे. आजीने लग्न झाल्या आठवड्यातच तिला सांगितलं होतं, या घरात कन्नड नको, पोरं तोतरी होतील. आणि आई अशी, की आजी गेल्यावरसुद्धा बोलली नाही. अक्कलकोटहून मामाचा फोन आला की गच्चीवर जायची. मी लहानपणी मागे मागे गेलो तर मला बघून तिने मराठी सुरू केलेलं मला आठवतंय. मधल्या वाक्यात. जशी काही चोरी पकडली गेली.

आणि तुला शिकवलं! अल्बममध्ये कन्नड गाणं पाहिजे असं तू म्हणालीस, आणि पन्नास वर्षं गप्प बसलेली बाई बॅग भरून सोलापूरहून भुकूमला आली. पंधरा दिवस तुम्ही दोघी सकाळपासून सुरू. तिने शब्द लिहिले. तिच्या माहेरच्या विहिरीवर, हेवी मेटलच्या गाण्याला! तरी फिट बसले. शेडमध्ये भजनी मंडळाच्या बायकांना पुढ्यात बसवून एकेक ओळ घोकून घेतली. बायका तिला आक्का म्हणायला लागल्या. ती हसत होती, ताई. कोंबड्यांच्या वासाच्या त्या शेडमध्ये ती जेवढी हसली तेवढी मी तिला सोलापूरच्या घरात कधी हसताना बघितली नाही.

मला तिने एक शब्द शिकवला नाही. तू म्हणशील, तू कुठे विचारलंस? नाही विचारलं. मी पलीकडे हेडफोन लावून बसलो होतो. तू गात होतीस, ती तुझ्या शेजारी स्टुलावर बसून मध्ये मध्ये सांगत होती, आणि मी इकडून ओरडत होतो, आई, मध्ये बोलू नको, रेकॉर्डिंग चालू आहे. पाच-सहा वेळा तरी ओरडलो असेन. ती तोंडावर पदर धरायची, आणि पुढच्या ओळीला परत बोलायची.

पुढच्या सहा महिन्यांत ती जाईल हे मला काय माहीत?

टेक शोधतोय. गाणं पाठव.

वेदांत


भरे
१७ फेब्रुवारी

ताई,

आज शेडमध्येच बसून लिहितोय. हे पत्र वाचताना उभी असशील तर बस.

काल रविवारी मंडळ परत आलं होतं. मी नवीन काहीतरी खटपट घेऊन तयार होतो. रत्नाबाई म्हणाल्या, “हे समदं राहू दे. त्या दिशी आक्का तुज्या ताईपाशी, क्षितिजापाशी बसल्याली. ओळ झाली की ती फुडची सांगत हुती. आमी हितं दारात उभं राहून ऐकलंय. ती लाव. तिच्या मागं आमी बराबर धरतो.”

मी हेडफोनची वायर गुंडाळायला लागलो.

“आरं, लाव की. आक्काचा आवाज हाय ना त्यात?”

मी म्हटलं, नाहीये.

“मंग कुटं हाय?”

अकरा जणी माझ्याकडे बघत होत्या. मी आठ महिने तुला जे सांगितलं नाही ते त्यांना सांगितलं. आता तुला सांगतो. तुला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं.

मूळ टेक नाहीये. कुठेच नाहीये. आई सोलापूरला परत गेली त्याच आठवड्यात मी गाणं साफ करायला बसलो होतो. तुझी ओळ संपते तिथून पुढची सुरू होईपर्यंत जे काय होतं ते सगळं कापलं. तुझे श्वास. स्टुलाची करकर. बांगड्या. आणि ती. ती पुढची ओळ कुजबुजत सांगायची, तुझं चुकलं की च्च करायची, मग हसायची आणि ‘परत म्हण’ असं काहीतरी कन्नडमध्ये म्हणायची. तो शब्दसुद्धा मला आता नीट आठवत नाही. मला तो कचरा वाटला, ताई. त्या वेळी खरंच कचरा वाटला. एकेक निवडून काढला आणि गाणं किती छान स्वच्छ झालं म्हणून स्वतःवर खूश झालो. डिस्क भरली होती म्हणून मूळ फाइली उडवल्या. मग त्या जागेवर किशोरचे ड्रम रेकॉर्ड केले.

तेराव्याला तू विचारलंस, त्या टेकमध्ये आई कन्नड बोलतेय ना रे, तो मला दे. मी म्हटलं, डिस्कवर आहे, देतो. रात्री भुकूमला पोचल्या पोचल्या उघडून बघितलं. स्क्रीनवर तुझ्या दोन ओळींच्या मध्ये सरळ रेघ, म्हणजे आवाज शून्य. सगळीकडे सरळ रेघ. दुसऱ्या दिवशी पुण्यात एका दुकानात डिस्क नेली. मग दुसऱ्या दुकानात. मग मुंबईच्या माणसाकडे. तिघांनी एकच सांगितलं, वर दुसरं लिहिलं गेलंय, खालचं येणार नाही. आईच्या आवाजावर किशोरची धडधड बसलीय. ती धडधड अल्बममध्ये आहे. मला आता ऐकवत नाही.

तू जायच्या आधी भांडण झालं तेव्हा मी तुला म्हणालो, तू पळून चाललीस, तुला बँडचं काही पडलेलं नाही. मुद्दाम म्हणालो. तू चिडून टेकचं विसरावंस म्हणून. तू चिडलीस, पण विसरली नाहीस. पत्रांतही मी तेच करत होतो. श्वास, कोरस, शेड. हे सगळं खरं आहे, पण मी त्याच्या आड उभा होतो.

रत्नाबाई काय म्हणाल्या तेही सांगतो, लपवत नाही. म्हणाल्या, “लेका, आईचा आवाज आन् तू कचऱ्यात टाकला?” आणि उठून गेल्या. बाकीच्याही गेल्या. कुणी चहा घेतला नाही.

मी चुकलो. वाईट चुकलो. ती तुझी जेवढी होती तेवढीच माझीही होती, आणि मी तिला गप्प केलं. आधी ओरडून, मग कापून.

वेदांत


लाइपझिग
५ मार्च २०२५

वेदांत,

चारही पत्रं मिळाली. पहिली तीन वाचून फाडली. चौथं ठेवलंय.

आठ महिने मी रोज स्वतःची समजूत घालत होते की तू आळशी आहेस. शोधायचा कंटाळा करतोस, एक दिवस शोधशील. आळशी असतास तर किती बरं झालं असतं.

पत्र सोमवारी आलं. मी ते पिशवीत घेऊन ऑफिसला गेले आणि दुपारी जिन्यात बसून वाचलं. मग तिथेच रडले. इथे जिन्यात रडणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही, दार हळू लावून जातात. आई असती तर म्हणाली असती, कसली ही माणसं!

तू तिच्यावर ओरडत होतास ते मला ऐकू येत होतं. मीही गप्प बसले. मलाही टेक चांगला जायला हवा होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

परत गाणार नाही. ती शेजारी नसताना मला ते म्हणता येत नाही, मी दोनदा प्रयत्न केला. पाच गाणी तुमची, हवी तशी काढा. सहावं नको. कन्नड गाण्यातून माझा आवाज काढून टाक. कसा काढायचा ते तुला सांगायला नको.

क्षितिजा


भरे
२९ मार्च

ताई,

काढला. तुझं पत्र आलं त्याच दिवशी, एका बैठकीत. या वेळी कुठे ठेवला नाही, कॉपी केली नाही, ‘बघू’ म्हटलं नाही. किशोर भयंकर चिडला. म्हणाला, सहा भाषांचा अल्बम म्हणून सगळीकडे सांगून बसलोय, आता काय पाच म्हणायचं? म्हटलं, पाच म्हणायचं. तो दोन दिवस बोलत नव्हता. आता बोलतोय, पण माझ्याकडे न बघता.

मग मंडळाला सांगायला गेलो. आता यायला नको, गाणं रद्द झालं, एवढंच सांगायचं होतं. परवा गुरुवार, त्यांचा भजनाचा वार, भऱ्याच्या मारुतीच्या देवळात सगळ्या भेटतील म्हणून संध्याकाळी तिथे पोचलो. पाऊल घालायची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? रत्नाबाई टाळांच्या दोऱ्या सोडवत होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. ताईने नको म्हटलंय. तिचा आवाज काढलाय. तुम्हाला इतके दिवस त्रास दिला.

“बराबर हाय तिचं,” रत्नाबाई म्हणाल्या. मग टाळ बाजूला ठेवून, “पन आमाला कोन रद्द करनार? आमाला काय क्षितिजानं शिकवलं न्हाई, आन् तू तर न्हाईच न्हाई. आमाला आक्कानं दिलंय. बस खाली.”

मी बसलो. चपला काढायच्या पण राहिल्या होत्या, त्यांनी ओरडून काढायला लावल्या.

आणि ताई, त्यांनी ते गाणं म्हटलं. ना माझी गिटार, ना व्हायोलिनं, फक्त टाळ आणि एक पखवाज. तुझी ओळ रत्नाबाईंनी घेतली. ‘नीरु तळदाग ऐति.’ पाणी तळाला आहे, एवढा अर्थ आता मला माहितीय, मामाला फोन करून विचारला. रत्नाबाईंनी ओळ संपवली, दम घेतला, आणि दहा जणींनी असं उचललं की माझ्या अंगावर काटा आला. एकीचंही पुढेमागे झालं नाही.

दुसरी ओळ झाली. आणि तिथे सगळ्या जणींनी च्च केलं. अकरा जणींनी, एकदम, तालात. मला वाटलं कुणाचं तरी चुकलं. तर नाही. च्च करून त्या हसल्या, तेही तालात, आणि म्हणाल्या, ‘इन्नोम्मे.’ आणि ओळ परत घेतली.

तो शब्द. मला आठवत नव्हता तो. इन्नोम्मे, आणखी एकदा.

दर दोन ओळींनी. जिथे जिथे ती थांबवायची तिथे तिथे. एका ठिकाणी तर सगळ्यांनी तोंडावर पदर धरला आणि मग पुढची ओळ म्हटली. ताई, तो मी होतो. मी तिकडून ओरडलो होतो ती जागा होती ती. त्यांनी तीही ठेवलीय.

गाणं संपल्यावर मी रत्नाबाईंना म्हटलं, हे मधलं सगळं गाण्यात नाहीये, हे आई शिकवताना बोलायची. त्या म्हणाल्या, “आमाला कळत न्हाई व्हय? पन तिनं जसं दिलं तसं घेतलं. त्यातलं काय ठिवायचं आन् काय टाकायचं, हे ठरवनारं आमी कोन?”

माझा हात खिशात गेला होता. फोन हातात होता, रेकॉर्ड करायला नुसतं बोट लावायचं होतं. नाही लावलं. तुला वाटेल, जेव्हा करायला हवं होतं तेव्हा याने केलं नाही. वाटू दे. तू गाणं नको म्हटलंयस, आणि तुला विचारल्याशिवाय मी यापुढे तिचं काही ठेवणार नाही आणि काही टाकणारही नाही. तू ‘कर’ म्हणालीस तर एका माइकवर जसं होईल तसं रेकॉर्ड करीन, तुलाच पाठवीन, दुसऱ्या कुणाला नाही. नको म्हणालीस तर दर गुरुवारी त्या म्हणतात, कधी आलीस तर ऐकायला मिळेल. मी दोन्हीला तयार आहे. आणि हे पत्र फाडलंस तरी चालेल.

आज शेड रिकामी केली. हैबतरावांचे गडी अंड्यांचे ट्रे सोलून काढतायत. ते स्वतः येऊन उभे राहिले, म्हणाले, “गानं झालं का न्हाई शेवटी?” मी म्हटलं, पाच झाली. “मंग बरं झालं की,” म्हणाले. मला त्यांना सहाव्याचं सांगता आलं नाही.

एक राहिलं. गुरुवारी मी उठून निघालो तर रत्नाबाई म्हणाल्या, “तू कुटं निघाला? मागं उभा ऱ्हा.” मी म्हटलं, मला येत नाही. “म्हनून तर म्हनतीया.” मग मी सगळ्यात मागे उभा राहिलो. त्यांनी ओळ घेतली, दम घेतला, आणि मी मागे धरलं. आयुष्यात पहिल्यांदा कन्नड बोललो, ताई. घाण बोललो. ‘ऐति’ माझ्या तोंडातून निघालंच नाही, काहीतरी भलतंच निघालं. अकरा जणी थांबल्या. रत्नाबाईंनी मागे वळून बघितलं, च्च केलं आणि म्हणाल्या, “इन्नोम्मे.”

मला रडू आलं. मग परत म्हटलं. चार वेळा म्हटलं. अजून नीट जमत नाही.

वेदांत